वसंतातली थंडीची लाट नकाशांवर कशी ओळखायची

२०२१ च्या मार्चअखेरीस फ्रान्समध्ये विक्रमी उष्णता होती. द्राक्षवेलींना कोंब फुटले, फळझाडं वेळेआधी बहरली. आणि लगेच, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, उत्तरेकडून ध्रुवीय हवा खाली उतरली. लागोपाठच्या रात्री पारा शून्याखाली गेला, कोवळे कोंब करपले, द्राक्षबागांचं आणि फळबागांचं अतोनात नुकसान झालं. जानेवारीतली तेवढीच थंडी त्याच झाडांनी सहज सोसली असती. वसंतात ती जागी झालेली असतात, म्हणून ही थंडी इतकी महागात पडते.

अशी लाट आभाळातून अचानक कोसळत नाही. वरच्या हवेत तिची जुळवाजुळव कित्येक दिवस आधी सुरू होते आणि ती नकाशावर दिसते. नकाशे आज कुणालाही फुकट बघता येतात, अडचण असते ती कोणता आधी बघायचा याची. नवीन माणूस थेट तापमानाचा रंगीत नकाशा उघडतो, दहा दिवसांनंतरचा जांभळा डाग शोधतो आणि त्यावरून अंदाज बांधतो. माझा सल्ला अगदी उलटा आहे. तापमान सगळ्यात शेवटी बघा. आधी दोनच प्रश्न विचारा: हवा कुठून येणार, आणि कोणत्या वाटेने येणार?

खालचं सगळं वर्णन उत्तर गोलार्धातल्या मध्य अक्षांशांना, म्हणजे ढोबळमानाने ३५ ते ६५ अंशांच्या पट्ट्याला धरून आहे. दक्षिण गोलार्धात वसंत सप्टेंबर ते नोव्हेंबर असतो, थंड हवा दक्षिणेकडून येते आणि वारे उलट्या दिशेने फिरतात. बाकी तर्क तोच.

आधी कोपऱ्यातले आकडे

प्रत्येक नकाशावर दोन वेळा लिहिलेल्या असतात. एक, मॉडेल (हवामानाचं गणित करणारा संगणकीय कार्यक्रम) कोणत्या वेळच्या निरीक्षणांवरून चालवलं ती. दुसरी, नकाशा कोणत्या क्षणाचं चित्र दाखवतो ती. "+९६" असं दिसलं तर सुरुवातीपासून ९६ तासांनंतरचं चित्र. वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते, ती आपल्या वेळेत करून घ्या. हे किरकोळ वाटतं, पण पहाटेचा नकाशा दुपारचा समजून वाचला की पुढचा सगळा हिशोब फसतो.

अमेरिकेचं जीएफएस मॉडेल दिवसातून चार वेळा चालतं, ००, ०६, १२ आणि १८ यूटीसीला, आणि १६ दिवसांपर्यंतचे नकाशे देतं. युरोपीय केंद्राचं ईसीएमडब्ल्यूएफ आणि जर्मन हवामान खात्याचं आयकॉन ही आणखी दोन नावं वारंवार दिसतील. सुरुवातीला एवढी तीन पुरे.

पायरी १: साडेपाच किलोमीटर वर काय चाललंय

पहिला नकाशा ५०० हेक्टापास्कलचा. हवेचा दाब जिथे ५०० हेक्टापास्कल होतो ती पातळी समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाच किलोमीटरवर असते. नकाशावरच्या रेषा ही पातळी नेमकी किती उंचीवर आहे ते सांगतात. ५५२ म्हणजे ५५२ डेकामीटर, अर्थात ५,५२० मीटर. खालची हवा थंड असली की ती आकसते आणि ही पातळी खाली येते. उबदार असली की वर जाते.

वरचा वारा या रेषांना धरून वाहतो. रेषा नदीच्या प्रवाहासारख्या वाचा: जवळजवळ आल्या तिथे वेग जास्त, पसरल्या तिथे संथ. पश्चिमेकडून पूर्वेकडे त्या जवळपास सरळ जात असतील तर हवामान झपाट्याने बदलत राहील, पण मोठी थंडी येणार नाही. रेषा ध्रुवाकडे फुगल्या तर तो उंचवटा, म्हणजे रिज. विषुववृत्ताकडे खाली झुकल्या तर ती द्रोणी, म्हणजे ट्रफ. थंडीची वाट या दोघांच्या मधोमध असते. उंचवट्याच्या पूर्व बाजूने हवा ध्रुवाकडून थेट खाली घसरते.

म्हणून लाटेचा शोध घेताना नजर आपल्या गावावर ठेवू नका, गावाच्या पश्चिमेला आणि वायव्येला ठेवा. तिथे उंचवटा उभा राहतोय का? युरोपसाठी तो अटलांटिकवर किंवा ग्रीनलंडकडे बघायचा. उत्तर अमेरिकेच्या मध्य आणि पूर्व भागासाठी अलास्का आणि पश्चिम किनाऱ्याकडे. उंचवटा नुसता वर येऊन एका दिवसात कोसळला तर थंडीचा झटका दीड-दोन दिवसांचा. तो उत्तरेकडे चढत जाऊन तिथेच मुक्काम ठोकून बसला, म्हणजे त्याने पश्चिमेचा प्रवाह अडवला, तर लाट आठवडाभरही टिकू शकते. ग्रीक ओमेगा अक्षराच्या आकारात रेषा वळलेल्या दिसल्या की हा अडथळा पक्का बसला असं समजायचं. त्याच्या पूर्वेच्या द्रोणीखाली कोण आहे, ते बघा. थंडी त्यांच्या वाट्याला येते.

वसंतात असे अडथळे जास्त का दिसतात, याला कारण आहे. हिवाळ्यात ध्रुवाभोवती फिरणारे जोरदार पश्चिमी वारे थंड हवेला कोंडून ठेवतात. वसंतात ध्रुवाकडे ऊन पोचू लागतं, तो वेग उतरतो, प्रवाह वळणं घेऊ लागतो. पण उत्तरेकडचा बर्फ अजून वितळलेला नसतो. थंडीचा साठा शिल्लक आणि कोंडणारं कुंपण ढिलं, अशी ही स्थिती.

ध्रुवीय भोवऱ्याबद्दल थोडंसं

स्थितांबरातलं, म्हणजे ढगांच्याही वरच्या हवेच्या थरातलं, अचानक तापमान वाढणं, हा विषय दरवर्षी गाजतो. १० हेक्टापास्कलच्या पातळीवर, म्हणजे सुमारे ३० किलोमीटर उंचीवर, ६० अंश अक्षांशावरचे पश्चिमी वारे उलटून पूर्वेकडून वाहू लागले तर मोठी घटना घडली असं मानतात. १२ फेब्रुवारी २०१८ ला ती घडली आणि त्याच महिन्याच्या शेवटी युरोपात कडाक्याची थंडी आली. पण प्रत्येक घटनेनंतर थंडी येतेच असं नाही, आली तरी ती तुमच्याच प्रदेशात येईल असंही नाही. शिवाय ध्रुवाभोवती फिरणाऱ्या या वाऱ्यांचा भोवरा वसंतात दरवर्षी मोडतोच. त्यामुळे ही बातमी कळली की ५०० चा नकाशा अधिक लक्ष देऊन बघा, इतकाच तिचा उपयोग. तिच्यावरून तारीख सांगायला जाऊ नका.

पायरी २: समदाब रेषा आणि हवेची वाट

आता जमिनीवरच्या दाबाचा नकाशा. समदाब रेषा बहुधा ४ किंवा ५ हेक्टापास्कलच्या अंतराने काढलेल्या असतात. वारा कुठून हे काढण्याची जुनी रीत आजही बिनचूक चालते: वाऱ्याकडे पाठ करून उभं राहिलं की कमी दाब डाव्या हाताला असतो. उत्तर गोलार्धात जास्त दाबाभोवती वारा घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतो, कमी दाबाभोवती उलट. म्हणजे पश्चिमेला जास्त दाब आणि पूर्वेला कमी दाब असेल, तर मधल्या पट्ट्यात उत्तरेचा वारा.

मग त्या रेषांवर बोट ठेवून मागे मागे जा. आज आपल्याकडे येणारी हवा काल कुठे होती, परवा कुठे होती? +९६ च्या नकाशावर जिथे पोचलात तिथून +७२ चा नकाशा उघडून आणखी मागे जा, मग +४८ चा. दोन-तीन नकाशांत हवेचा उगम सापडतो. हा भाग कंटाळवाणा म्हणून बरेच जण टाळतात. माझ्या मते अंदाजाचा निम्मा जीव इथेच आहे.

उगम सारखा असला तरी वाटेमुळे हवा बदलते. उत्तरेकडून लांबवर समुद्रावरून आलेली हवा खालून तापते आणि ओलसर होते. ती सरी, गारा, वारा आणि ढग घेऊन येते. दिवस बोचरा असतो, पण किनाऱ्याजवळ रात्री पारा फारसा पडत नाही. बर्फाळ जमिनीवरून आलेली हवा कोरडी राहते आणि रात्री तीच घात करते. पूर्वेकडून, खंडाच्या आतून येणाऱ्या हवेचं गणित महिन्यागणिक बदलतं. फेब्रुवारीत ती हाडं गोठवते. एप्रिलपर्यंत खंडाची जमीन तापू लागलेली असते आणि त्या वाऱ्याची धार बोथट होते. ध्रुवाकडचा समुद्र आणि बर्फ मात्र तेव्हाही थंडच असतो. त्यामुळे पश्चिम युरोपसारख्या ठिकाणी वसंत जसजसा पुढे सरकतो तसतसा पूर्वेच्या वाऱ्यापेक्षा उत्तरेच्या वाऱ्याचा धोका मोठा होत जातो.

नकाशावर निळ्या त्रिकोणांची रेषा दिसली तर ती शीत आघाडी. थंड हवेची पुढची कड ती. ती तुमच्यावरून कधी जाते त्यावर लाटेची सुरुवात ठरते.

पायरी ३: रंगांनी फसू नका

बऱ्याच लोकप्रिय नकाशांवर ५०० ची उंची रंगांनी भरलेली असते आणि जमिनीवरचा दाब पांढऱ्या रेषांनी काढलेला असतो. निळं-जांभळं दिसलं की लोक थंडी आली म्हणतात. पण ५०० ची उंची दोन गोष्टींवर ठरते: खालची हवा किती थंड आहे आणि जमिनीवर दाब किती आहे. खोल कमी दाबाखाली हवा उबदार असूनही रंग निळा येतो.

हा गुंता सोडवायला जाडीचा नकाशा असतो. १००० ते ५०० हेक्टापास्कल या दोन पातळ्यांमधलं अंतर म्हणजे जाडी, आणि ती त्या थराच्या सरासरी तापमानावरच अवलंबून असते. जाडी ६० मीटरने घटली म्हणजे थर सुमारे ३ अंशांनी थंड झाला.

जाडीचा नकाशा नसला तरी ती मनातल्या मनात काढता येते. दर १ हेक्टापास्कलला साधारण ८ मीटर धरा. दोन ठिकाणी ५०० ची उंची सारखीच, ५४० डेकामीटर आहे समजा, रंगही एकच. पहिल्या ठिकाणी जमिनीवर दाब ९८०. म्हणजे १००० ची पातळी कागदोपत्री समुद्रसपाटीच्या १६० मीटर खाली गेली, जाडी झाली ५५६. वसंतासाठी ही सौम्य हवा. दुसऱ्या ठिकाणी दाब १०३०. तिथे १००० ची पातळी २४० मीटर वर, जाडी ५१६. ही कडक थंडी. एकाच रंगाखाली जवळपास २० अंशांचा फरक लपलेला होता! हे उदाहरण स्वतः कागदावर एकदा करून बघा, पुन्हा कधी रंगावर विसंबणार नाही.

सखल प्रदेशात पाऊस की हिमवर्षाव हे ठरवताना युरोपात ५२८ आणि अमेरिकेत ५४० ची जाडीरेषा ढोबळ खूण म्हणून वापरतात. ढोबळच ती. जमिनीलगतचा थर, उंची आणि सरींचा जोर यांनी ती सहज मागेपुढे होते.

पायरी ४: आता तापमान

८५० हेक्टापास्कलची पातळी सुमारे दीड किलोमीटरवर असते. जमिनीच्या रोजच्या तापण्या-निवण्याचा तिथे फारसा परिणाम होत नाही, म्हणून हवेचा मूळ स्वभाव तिथे कळतो. कोरडी हवा वर चढताना दर किलोमीटरला सुमारे १० अंश गमावते. वसंतातल्या उन्हाळ दुपारी जमिनीपासून तिथपर्यंतची हवा चांगली घुसळली जाते, तेव्हा ८५० च्या तापमानात १४-१५ मिळवले की समुद्रसपाटीजवळचं कमाल तापमान येतं. ८५० ला उणे ७ असेल तर दुपारी ७-८ अंश. ढगाळ किंवा सरींचा दिवस असेल तर त्यातून आणखी काही अंश वजा करा. उंचावरच्या गावांना मधलं अंतर कमी, म्हणून मिळवायचा आकडाही लहान.

याच नकाशावर थंडी किती वेगाने येतेय तेही दिसतं. समतापरेषा आणि समदाब रेषा एकमेकींना छेदून चौकोन बनवतात. वारा थंडाकडून उबदार बाजूला वाहत असेल आणि चौकोन लहान असतील तर पारा झपाट्याने उतरणार. दोन्ही रेषा समांतर असतील तर हवा नुसतीच वाहतेय, बदल काही नाही.

५०० च्या पातळीवर उणे ३० किंवा त्याखाली तापमान असेल तर वेगळी तयारी हवी. एप्रिलच्या सुरुवातीचा सूर्य सप्टेंबरच्या सुरुवातीइतका उंच असतो. जमीन तापते, वर कडाक्याची थंडी, आणि दुपारी ढगांचे मनोरे उभे राहून गारांच्या, हिमकणांच्या सरी कोसळतात. संध्याकाळी ऊन गेलं की बहुतेक वेळा आभाळ मोकळं होतं. हे मोकळं होणं लक्षात ठेवा, पुढे त्याचंच काम आहे.

पायरी ५: एका नकाशावर अंदाज देऊ नका

आतापर्यंत जे पाहिलं ते एका धावेचं, म्हणजे मॉडेल एकदा चालवल्यावर मिळालेलं चित्र. सुरुवातीच्या निरीक्षणांत बारीक चुका असतातच आणि त्या दिवसागणिक वाढत जातात. म्हणून केंद्रं तेच मॉडेल सुरुवात किंचित बदलून अनेकदा चालवतात. याला एन्सेम्बल म्हणतात. जीएफएसच्या संचात ३१ धावा असतात, युरोपीय केंद्राच्या संचात ५१. एकाच आलेखावर सगळ्या रेषा काढल्या की तिथे शेवयांसारखा गुंता दिसतो.

तो वाचताना सर्वात थंड रेषा शोधू नका. आधी बघा की रेषा कोणत्या दिवसापर्यंत एकत्र आहेत आणि कुठून फाटतात. मग बघा, फाटल्यावर त्यांचे दोन गट पडतात का. अर्ध्या धावा उणे ८ कडे आणि अर्ध्या अधिक ४ कडे गेल्या तर सरासरी उणे २ येते, आणि नेमकं तेच घडण्याची शक्यता सगळ्यात कमी असते! अशा वेळी "दोन शक्यता आहेत" असं सरळ सांगावं. सहसा फरक पश्चिमेकडच्या उंचवट्याच्या जागेचा असतो: तो काहीशे किलोमीटर पूर्वेला सरकला की थंडी तुम्हाला चुकवून पुढे निघून जाते. दोन्ही गटांतले नकाशे उघडून तो कुठे उभा आहे ते तपासा. आलेखावर ३० वर्षांच्या सरासरीची रेषाही असते. बहुतेक धावा तिच्या खाली गेल्या असतील तर दहा दिवसांवरही "सरासरीपेक्षा थंड राहण्याकडे कल" इतकं म्हणता येतं. त्यापेक्षा जास्त नाही.

सहा ते आठ दिवस आधी वरच्या हवेची रचना, तीन ते पाच दिवस आधी आघाडी येण्याचा दिवस, आणि शेवटचे दोन दिवस रात्रीचं किमान. असा मेळ ठेवला तर शब्द बहुतेक वेळा पाळता येतो. लागोपाठच्या धावा एकाच गोष्टीवर ठाम असतील आणि तिन्ही मॉडेल्स जुळत असतील, तर विश्वास वाढवा. रात्रीच्या धावेने भीती दाखवली आणि सकाळच्या धावेने काढून घेतली, तर थांबा.

पायरी ६: सर्वात धोक्याची रात्र कोणती

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. ८५० चं तापमान ज्या दिवशी सर्वात खाली, तीच रात्र सर्वात थंड, असं वाटणं साहजिक आहे. पण आघाडी नुकतीच गेलेली असते तेव्हा वारा जोरात असतो, सरी असतात, ढगांची ये-जा असते. वारा हवा घुसळत ठेवतो, ढग जमिनीची उष्णता बाहेर जाऊ देत नाहीत. खरी घातक रात्र बहुधा एक-दोन दिवसांनी येते. जास्त दाबाचं क्षेत्र सरकून डोक्यावर येतं, वारा पडतो, आभाळ निरभ्र होतं. तोवर ८५० वर तापमान वाढूही लागलेलं असतं, पण त्याचा जमिनीशी संबंध तुटलेला असतो. जमीन उष्णता सोडत राहते आणि थंड, जड हवा तळाशी साचते.

म्हणून शेवटच्या दोन दिवसांत तीन गोष्टी बघा: रात्रीचे ढग, वाऱ्याचा वेग आणि दवबिंदू. समदाब रेषा इतक्या विरळ की तुमच्या प्रदेशावरून एखादीच जाते, वारा सेकंदाला २ मीटरपेक्षा कमी, ढग नाहीत, ही पहिली खूण. दवबिंदू दुसरी. हवा निवत दवबिंदूपर्यंत आली की बाष्प साकळू लागतं, त्यातून उष्णता बाहेर पडते आणि घसरण मंदावते. दवबिंदू ५ अंश असेल तर हा ब्रेक लवकर लागतो. उणे ६ असेल तर शून्य ओलांडून बरंच खाली जाईपर्यंत अडवणारं काही नाही.

समजा, दुपारी ८ अंश आणि लख्ख ऊन, दवबिंदू उणे ६, संध्याकाळी वारा पडतोय, जास्त दाबाचा मध्य रात्री वरून जाणार. मॉडेल सांगतंय किमान १ अंश. हा आकडा जमिनीपासून दोनेक मीटर उंचीच्या हवेचा, आणि मॉडेलच्या चौकटीतल्या कित्येक किलोमीटरच्या सरासरीचा. गवताच्या पात्यापाशी त्याच वेळी उणे २-३ असू शकतं. खोलगट जागी, जिथे उतारावरची थंड हवा येऊन थांबते, तिथे त्याहूनही कमी. म्हणून अशा रात्री मॉडेलने ३-४ अंश किमान दाखवलं तरी दहिवराची शक्यता आहे असंच मी सांगतो. उताराच्या मध्यावरची बाग बचावते आणि पायथ्याची करपते, हा फरक कोणत्याच मोठ्या नकाशावर दिसत नाही. तो जागा ओळखणाऱ्यालाच लावावा लागतो. ओल्या, उघड्या जमिनीत दिवसाची उष्णता साठते. वाळलेलं गवत किंवा आच्छादन असेल तर ती वर पोचत नाही आणि वरची हवा आणखी निवते.

पीक वाचवण्यासारखा निर्णय यावर अवलंबून असेल तर राष्ट्रीय हवामान खात्याचा इशारा आधी वाचा. तुमचं वाचन त्याला जोड म्हणून वापरा.

लाट कधी सरते

सुरुवात जिथून केली तिथेच पुन्हा बघायचं: ५०० च्या नकाशावरचा उंचवटा. तो दक्षिणेकडे कलंडू लागला, त्याच्या डोक्यावरून पश्चिमी प्रवाह पुन्हा वाहू लागला, की पुरवठा तुटला. अडथळे मोडायला मॉडेल्स कधी कधी घाई करतात, त्यामुळे लाट संपण्याची तारीख एखादा दिवस उशिरा धरायला हरकत नाही. कापून वेगळी पडलेली द्रोणी, म्हणजे मुख्य प्रवाहापासून तुटलेला थंड हवेचा भोवरा, असेल तर जास्तच सावध राहा. तो कुठे भरकटेल हे मॉडेल्सना दोन दिवस आधीही नीट सांगता येत नाही.

शेवट जवळ आल्याची खूण म्हणजे पश्चिमेकडून येणारी लाल अर्धगोलांची रेषा, उष्ण आघाडी. तिचे ढग पोचले की रात्री पारा पडत नाही. पण आघाडी पहाटेनंतर पोचणार असेल तर तिच्या आधीची ती रात्र निरभ्र आणि बिनवाऱ्याची जाते. ८५० च्या नकाशावर त्या रात्री उबदार हवा दिसत असते, म्हणून लोक निर्धास्त होऊन आच्छादनं काढून टाकतात. आघाडी येण्याचा तास बघा, आणि ती सूर्योदयानंतरची असेल तर आच्छादनं आणखी एक रात्र राहू द्या.